घराचं पंक्चर

आमच्या घराचं पंक्चर काढायचं मी एका रविवारी जेवताना ठरवलं. ठरवलं म्हणजे काय, जावयाला गप्प करायच्या नादात तोंडातून निघून गेलं. माणसाने जेवताना जेवावं, ठरवू नये.

आमचे जावईबापू घरं तपासतात. लोकांच्या घरात जायचं, यंत्र लावायचं, कुठून वारा येतो, कुठून ऊब जाते ते बघायचं आणि त्याचा पगार घ्यायचा. (हेच काम मी चाळीस वर्षं सायकलच्या ट्यूबवर केलं. पण मला कोणी साहेब म्हटलं नाही.) तर त्या दिवशी घास तोंडात आणि बोट खिडकीकडे करून बापू म्हणाले, "बाबा, तुमचा हीटर दिवसभर चालतो आणि ऊब सगळी फटींतून बाहेर. तुम्ही घर नाही, आभाळ तापवताय."

"त्यालाही थंडी वाजत असेल."

"थंडी कसली वाजतेय! ते आधीच तापलंय. आपल्या विजेसाठी कुठेतरी कोळसा जळतो, त्याच्या धुराने सगळी हवाच बिघडत चाललीय. एकेका घराने फटी बुजवल्या तरी केवढा फरक पडेल!"

मी न कळल्यासारखं तोंड केलं. कळलं होतं सगळं. माझ्या दुकानात पूर्वी उन्हाने ट्यूब फुटायच्या त्या वर्षातले दोन महिने. मग तीन झाले, मग चार. शेवटी शेवटी तर रस्त्याचं डांबर गिऱ्हाइकाबरोबर दुकानात चालत यायचं. धंदा वाढला म्हणून मला बरं वाटायचं, आणि बरं वाटतंय म्हणून जरा वाईटही वाटायचं. पण हे जावयाला कशाला सांगा? जावयाचं म्हणणं पहिल्या झटक्यात पटलं तर तो सासरा कसला!

"मी एक माणूस पाठवतो," बापू म्हणाले. "दोन तासांत सगळ्या फटी बुजवून देईल."

"भोक बुजवायला माणूस? माझ्या घरात?" माझा घास हातात राहिला. "अहो, अख्ख्या गावाची भोकं बुजवली मी! एक पॅच कधी परत आला नाही."

"बाबा, हे घर आहे, सायकल नाही."

"हवा तीच ना?"

बायको वाढता वाढता म्हणाली, "अहो, तो चांगलं सांगतोय, ऐका जरा." पण गाडी उताराला लागली होती.

बापू म्हणाले, "ठीक आहे. तीन आठवड्यांनी यंत्र घेऊन येतो. तेव्हा बघू."

दुसऱ्या दिवशी बायको बाजारात गेल्यावर मी कामाला लागलो. भोक शोधायची माझी पद्धत म्हणजे ट्यूब पाण्यात बुडवायची आणि बुडबुडे बघायचे. घर बुडवता येत नाही. (म्हणजे येतं, पण खालचे लोक भांडतात.) म्हणून साबणाचा फेस केला आणि खिडक्यांच्या कडांना फासला. जिथे फेस नाचला तिथे खडूने फुली. फेस पुरेना तिथे मेणबत्ती धरली, ज्योत वाकली की फुली. एकूण अकरा फुल्या झाल्या. पलंगाखालचा जुन्या ट्यूबांचा ढीग काढला, पट्ट्या कापल्या, कानस मारली, सोल्युशन लावलं, फुंकर घातली, चिकटवलं, हातोडीने ठोकलं. घराला दुकानाचा वास सुटला. मला पंचवीस वर्षांचा झाल्यासारखं वाटलं. गुडघे सोडून.

शेवटी गेलो स्वयंपाकघरात. सिंकवरचा भांड्यांचा रॅक सरकवला आणि मेणबत्ती नेली, तर फट् दिशी विझली. बघतो तर भिंतीत मूठ जाईल एवढं भोक! कधीकाळी तिथून पाइप जात होता, पाइप काढला, भोक तसंच. म्हटलं, हे पंक्चर नाही, हा तर व्हॉल्व्हच उघडा राहिलाय!

पण एवढ्या मोठ्या भोकाला ट्यूबची पट्टी पुरेना. जाड रबर हवं होतं. शोधता शोधता कपाटात बायकोची गरम पाण्याची पिशवी दिसली. गुडघा शेकायची, लाल, वर फुलं छापलेली. आता मी विचार केला, की घर एकदा गरम झालं की गुडघा वेगळा कशाला शेकायला हवा? विचार चांगला होता. पण तो बायकोला समजावून सांगायची माझी तयारी नव्हती. म्हणून पिशवी कापली, भोकावर दुहेरी पॅच मारला, चारी कडा ठोकल्या, रॅक जागच्या जागी ठेवला आणि या बाराव्या पंक्चरबद्दल घरात अवाक्षर काढायचं नाही असं ठरवलं. अकराची बढाई मारली. बायको म्हणाली, "ऊब वाटते हो खरंच." आणि पिशवी शोधायला लागली. मी बाकावर निघून गेलो.

बाक म्हणजे आमच्या इमारतीखालचा. तिथे रोज सकाळी दहा ते अकरा मी आणि शेजारचा घड्याळवाला बसतो. (दुकानं होती तेव्हाही आम्ही दोघं ती अकरानंतरच उघडायचो.) घड्याळवाला म्हणजे जन्मभर घड्याळं दुरुस्त केलेला माणूस, आमची घरं भिंतीला भिंत लागून. तीस वर्षं मी त्याची थट्टा करतोय आणि तीस वर्षं एक थट्टा लागू पडलेली नाही. चहात मीठ घातलं, तर न पिताच बाकाखाली ओतला. त्याच्या दुकानातल्या खुर्चीचा पाय सैल केला, तर त्या दिवशी घरून स्टूल घेऊन आला. न्हावी मेला म्हणून सांगितलं, तर हसला नाही, रडला नाही, "हो का?" म्हणाला. एवढंच. "हो का?" हा माणूस मनातलं ओळखतो अशी माझी खात्री झाली होती. मी त्याला मनातून मानायचो.

चारेक दिवसांनी घड्याळवाला बाकावर म्हणाला, "काय रे, तुझ्या घरात काही झालंय का?"

"नाही. का?"

"आमची ही घुमी झालीय. विचारलं तर म्हणते, 'शेजारणीला जाऊन विचारा.'"

मी घरी आलो तर आमचीही तशीच. भांडी घासून झालेली, हात ओला, टीव्ही चालू, आणि बघत नाही.

"काय झालं गं?"

"काही नाही. तिचं काय बिनसलंय कोण जाणे. हाका मारल्या तरी ओ देत नाही."

"कुठे मारल्यास?"

"जिथे मारायच्या तिथे. आता दारात जाऊन नाक घासू का मी?"

मला वाटलं, जिन्यात भेटल्या असतील. बायकांचं असतं काहीतरी. दोन दिवसांत गोड होतात. पण यांचे दोन दिवस संपेनात. जिन्यात एक चढायला लागली की दुसरी वरच्या वर थांबायची. आमच्याकडे टीव्ही सकाळी सुरू व्हायचा तो दिवे लागले तरी चालू. मीटर बघायला गेलो तर माझे डोळे पांढरे. हीटर निम्मा चालतोय आणि मीटर तसंच पळतंय! बापूंचा फोन आला तर मी म्हटलं, "मीटरमध्येच काहीतरी गडबड असेल." (दुकानात मी हेच पंपाबद्दल सांगायचो.)

अशात एका सकाळी माझ्या डोक्यात नवी थट्टा आली. चहा पिताना बायकोला सांगितली. मी प्रत्येक थट्टा तिला आधी सांगतो. एकट्याने हसलं की ठसका लागतो. "आज घड्याळवाल्याला सांगतो की दोन दिवस पाणी बंद, टाकी धुणार आहेत." बायको नेहमीसारखी "लाज नाही वाटत या वयात" म्हणाली.

बाकावर सांगितलं. घड्याळवाला "हो का?" म्हणायच्या ऐवजी उठला आणि दोन दोन पायऱ्या ओलांडत वर गेला. दुसऱ्या दिवशी कळलं, की त्याने बादल्या भरल्या, पातेली भरली, बाटल्या भरल्या, फुलदाणी भरली, बूट ठेवायची प्लास्टिकची पेटी भरली, आणि रात्री पेटी फुटून बूट तरंगायला लागले. तीस वर्षांत पहिल्यांदा! मी नाचतच घरी आलो.

"अगं, फसला! घड्याळवाला फसला!"

बायको मटकन खुर्चीत बसली. "फसला? म्हणजे तिने त्याला सांगितलं नाही?"

"कोणी? काय?"

"अहो, मी तिला सांगितलं होतं की! दोनदा. ओरडून. म्हटलं, रागावलीस तर रागाव, पण पाणी भरू नकोस, यांची थट्टा आहे."

"तू तिला कुठे सांगितलंस? तुम्ही तर बोलत नाही ना?"

"भिंतीतून! रॅकच्या मागून. रोज नाही का बोलत आम्ही भांडी घासताना?"

आता मात्र मला बसावं लागलं. गेली तीस वर्षं मी बाकावर निघताना बायकोची बडबड ऐकायचो. मला वाटायचं, भांड्यांशी बोलते. बाईमाणूस आहे, भांडी आहेत, बोलत असतील. आपण कशाला मध्ये पडायचं? माझी आईही बोलायची. आणि ही तर तिथे रोज माझी थट्टा पलीकडे पोचवत होती! घड्याळवाला मनकवडा नव्हता. त्याला फक्त बायको होती.

"तीस वर्षं?" मी विचारलं.

"मग काय, त्यांचा पाय मोडू द्यायचा होता? खुर्चीच्या वेळी?" ती म्हणाली. पण तिचं लक्ष माझ्याकडे नव्हतं. "एवढं सांगूनही ऐकलं नाही. म्हणजे तिला आता माझा शब्दसुद्धा नको."

मी रॅककडे बघितलं. रॅकमागे माझा पॅच. पॅचवर फुलं. खरं सांगावं म्हणून तोंड उघडलं, तेवढ्यात बायको म्हणाली, "आणि माझी पिशवीही सापडत नाही. गुडघा नुसता ठणकतोय." मी तोंड मिटलं.

बाकावर गेलो तर घड्याळवाला दुरूनच म्हणाला, "ही म्हणते, 'दर वेळी सांगायची, या वेळी मुद्दाम सांगितलं नाही. आपली फजिती बघायची होती तिला.' आम्ही लेकीकडे राहायला जायचं म्हणतोय. रविवारी एक बाई घर बघायला येणार आहेत."

"अरे, घर सोडतोस?"

"मी कुठे सोडतोय? ही सोडतेय. मला काय, घड्याळ कुठल्याही भिंतीवर चालतं." पण बोलताना तो सारखा आमच्या मजल्याकडे बघत होता.

हसण्यावारी न्यायची गोष्ट राहिली नव्हती. घड्याळवाली गेली की आमची जन्मभर टीव्हीशी बोलणार, हे मला दिसत होतं. मी सरळ त्यांचं दार वाजवलं.

"वहिनी," मी म्हटलं, "तुमचं काही भांडण नाही. ते भोक मी बुजवलंय. आतून. रबराने."

घड्याळवालीने मला वरपासून खालपर्यंत बघितलं. "भाऊजी, बूट अजून वाळले नाहीत आमचे."

"शपथ घेतो."

"न्हाव्याच्या वेळीही घेतली होती." आणि दार लावून घेतलं.

आयुष्यभर थापा मारल्या, की खरं बोलायला साक्षीदार लागतात. आणि माझा एकमेव साक्षीदार भिंतीला चिकटलेला. मग त्यालाच काढायचं ठरवलं. बायको झोपली की रॅक सरकवून नखं लावायची, ओढायचं. हलेल तर शपथ! माझाच हात, माझंच सोल्युशन. सुरीने कापावा, तर सुरी लावली की हात थांबायचा. रविवारी जावईबापू यंत्र घेऊन येणार होते. मी स्वतःला म्हणायचो, यंत्राने एकदा 'शाबास' म्हणू दे, मग संध्याकाळी कापू. घर बघायला येणारी बाई सकाळीच येणार आहे, हे मला ठाऊक होतं. ठाऊक असून मी हे म्हणत होतो. तुम्हाला म्हणून सांगतो.

रविवार उजाडला. बापूंनी आमच्या दाराला ताडपत्रीसारखं कापड ताणून बसवलं, त्यात हा एवढा मोठा पंखा. "हा घरातली हवा बाहेर ओढणार," बापू म्हणाले. "फटी असतील तर बाहेरची हवा आत घुसेल आणि इथे आकडा वाढेल." पंखा सुरू झाला. खिडक्यांचे पडदे जागचे हलले नाहीत. माझ्या अकरा पट्ट्या दातओठ खाऊन बसल्या होत्या. बापू आकडा बघत राहिले, चष्मा काढला, पुसला, परत बघितला.

"बाबा," ते म्हणाले, "मानलं तुम्हाला. अख्ख्या वर्षात एवढं घट्ट घर मी बघितलं नाही."

लेकीच्या लग्नाला बारा वर्षं झाली, जावयाच्या तोंडून हे पहिल्यांदा ऐकत होतो. मी बायकोकडे बघितलं. तीही ऐकत होती, पण नुसती उभी. हातात घासणी, सिंकमध्ये भांडी, दहा वाजलेले. आणि तोंड मिटलेलं.

मी म्हटलं, "जरा पाणी पिऊन येतो." सिंकपाशी गेलो, बायकोला म्हटलं, "सरक." रॅक बाजूला केला. पंख्याच्या ओढीने माझा पॅच फुग्यासारखा फुगला होता, पण कड सुटली नव्हती. एक कड नाही. चाळीस वर्षांतलं माझं सगळ्यात चांगलं काम. ते मी डोळे भरून बघितलं, भाजीची सुरी घेतली आणि बरोबर मध्ये टोचली.

असा आवाज झाला, की ट्रकचं टायर फुटावं. पॅच सुटून हॉलमध्ये बापूंच्या पायाशी पडला, वरच्या दोन वाट्या खाली, मी भिंतीला, आणि सुरी सिंकमध्ये. बापूंनी घाबरून पंखा बंद केला. घर एकदम शांत. आणि त्या शांततेत भिंतीतून आवाज आला.

"घराला काही नाव ठेवायला जागा नाही हो," घड्याळवाली कोणालातरी सांगत होती. "ऊन येतं, पाणी येतं. पण मला भांडी घासताना तोंड मिटून बसवत नाही. पलीकडची माझ्याशी बोलायची बंद झाली. आता ही नुसती भिंत आहे. भिंतीपाशी राहून काय करू?"

"कोण बंद झाली?" आमची भोकाला तोंड लावून ओरडली. "मी? तीन आठवडे घसा फोडून हाका मारतेय मी!"

पलीकडे काहीतरी पडलं. मग आवाज अगदी जवळ आला. "तू मारत होतीस? अगं, मी मारत होते!"

"मग ऐकू कसं आलं नाही?"

"तुला कसं आलं नाही?"

"आणि पाणी भरू नकोस म्हणून सांगितलं, ते?"

"सांगितलं होतंस? खरंच सांगितलं होतंस?"

"दोनदा!"

"अगं, मला वाटलं..." आणि मग दोघींकडून नुसते नाकाचे आवाज. मध्येच एक तिसरा, अनोळखी आवाज म्हणाला, "बाई, मला जरा शांत घर हवं होतं हो." आणि दूर गेला.

हॉलमध्ये बापू पॅच हातात घेऊन उलटसुलट बघत होते. बायको मागे वळली. पॅचवरची फुलं तिला तिथूनच दिसली. लाल रबरावर पिवळी फुलं.

"अहो!"

पुढचं मी सांगत नाही. भिंतीला भोक होतं, पलीकडे सगळं ऐकू गेलंय. तुम्ही तिकडे विचारा.

घड्याळवाले गेले नाहीत. बापूंनी भोकाला छोटं झाकण बसवून दिलं, कडेला रबर, दोन्ही बाजूंनी कडी. दहा ते अकरा उघडं, बाकी वेळ बंद. ते म्हणाले, "तासभराने काही बिघडत नाही. खिडक्यांचं काम पक्कं आहे." आणि खरंच, टीव्ही बंद झाल्यापासून मीटर असं सावकाश चालतं, की घड्याळवाला म्हणतो, किल्ली द्यायला हवी.

पण त्या दिवसाचं सगळं श्रेय मिळालं पंख्याला. घड्याळवाली रोज झाकण उघडलं की आधी जावयाला आशीर्वाद देते. "त्यांनी यंत्र लावलं म्हणून भोक उघडलं गं, नाहीतर आम्ही गेलोच होतो." आणि बाकावर? बाकावर आता येणारा जाणारा विचारतो, "काय मिस्त्री, तुमचा पॅच फुटला म्हणे? चार चौघांत? जावयाच्या पायाशी?" चाळीस वर्षांत एक पॅच परत आला नव्हता.

परवा मला राहवेना. झाकण उघडं होतं, दोघी बोलत होत्या. मी मध्ये तोंड घालून म्हटलं, "ऐका दोघी. तो फुटला नाही. मी फोडला. शेवटच्या क्षणी, तुमच्यासाठी, सुरीने. जावयाने शाबास म्हटल्यावर!"

बायकोने माझ्याकडे बघितलं. क्षणभर मला वाटलं, पटलं.

भिंतीतून आवाज आला, "हो का?"